थोरलीचं खरं वजन

तपासणी नाक्यावरच्या साहेबाने आमच्या पिकअपच्या मागच्या चाकावर बुटाची ठोकर मारली आणि विचारलं, "ही गाडी किती वजनाची?"

"कागदावर लिहिलंय की," मी म्हटलं.

"कागदावर मीसुद्धा सडपातळ आहे," साहेब म्हणाला. त्याच्या पोटाकडे बघून मला हसू आलं, पण मी ते गिळलं. नाक्यावर हसलं की तपासणी लांबते. "मागचे स्प्रिंगचे पाटे बघा. हलक्या गाडीला एवढे जाड पाटे कोण लावतं? शनिवारपर्यंत वजनकाट्यावरची पावती आणून दाखवा. सामान उतरवून, स्टेपनीसकट, रिकाम्या गाडीची. साडेतीन टनांच्या आत असेल तर माझं काही म्हणणं नाही. वर असेल तर गाडी जड वाहनात जाईल."

आणि गाडी जड वाहनात गेली की माझं स्टिअरिंग गेलं. कसं ते सांगते. माझा डावा डोळा जन्मापासून कामचुकार आहे. दिसायला उजव्यासारखाच, पण काम शून्य. हलक्या गाडीच्या परवान्याला एक डोळा पुरतो, जड गाडीच्या परवान्याला दोन लागतात. म्हणजे शनिवारनंतर मी वर्कशॉपमध्ये बसून शटरला रंग मारणार आणि गाडी चालवणार कोण, तर माझा धाकटा भाऊ. ज्याला रिव्हर्स घेताना दोन माणसं खाली उभी करावी लागतात, तो! मला दुसरं काही येत नाही असं नाही हो. पण सकाळी किल्ली फिरवल्याशिवाय मी माणसात येत नाही. त्याच्या आधी माझ्याशी कुणी बोलू नये आणि बोललं तर मी काय म्हणेन त्याची जबाबदारी माझी नाही.

आमचा धंदा शटर आणि लोखंडी फाटकांचा. नवीन बसवायची, अडकलेली सोडवायची, कुणाच्या गाडीने ठोकलेली सरळ करायची. वेल्डिंग बाबांचं. त्यांचे गुडघे आता बोलतात, पण हात अजून गप्प आहेत. भावाला सगळे चुंबक म्हणतात, कारण रस्त्यावर पडलेला एकही नट त्याला न चिकटता राहत नाही. आणि पिकअपला बाबा म्हणतात थोरली. मी तिच्याआधी कितीतरी वर्षं जन्मले, तरी थोरली ती. माझं लग्न झालं नाही, तिचंही नाही, त्यामुळे आमचं आपसात बरं चालतं.

या थोरलीची आमच्या घरात वाटणी झालेली आहे. केबिन माझी, मागचा हौदा चुंबकचा, आणि गाडीच्या पोटाखालचं सगळं बाबांचं. दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. हा कायदा का झाला, तर एकदा चुंबकने माझा आरसा हलवला होता आणि मी चिडून त्याचे सगळे स्क्रू एका डब्यात ओतले होते. पुढचा आठवडा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तेव्हा आई होती. तिने ही वाटणी करून दिली. आई गेली, कायदा राहिला. आम्ही तो इतका पाळतो की त्या आठवड्यापर्यंत मी थोरलीच्या खाली कधी वाकून बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेल्डिंग मशीन, सिलिंडर, शिड्या, सगळं उतरवलं आणि काट्यावर गेलो. काट्यावरच्या मावशी खिडकीत बसून लोकर विणत होत्या. त्यांनी मान वर न करता हाताने पुढे या, पुढे या, थांबा अशी खूण केली, आणि आकडा बघून मात्र विणकाम मांडीवर ठेवलं.

"चार टन एकशे नव्वद," त्या म्हणाल्या. "आत काय भरलंय?"

"काही नाही. आम्ही तिघं आहोत."

"मग उतरा की! तुमचं वजन घ्यायला आलात का गाडीचं?"

आम्ही उतरलो. आकडा तीन हजार नऊशे ऐंशीवर आला. मावशींनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि माझ्याकडे बघितलं. "तिघांचे मिळून दोनशे दहा. वडील तर काडी आहेत. मग उरलेलं तुम्हा दोघांचं का?"

मला बोलायला वेळ नव्हता. कागदावर थोरलीचं वजन तीन टनांच्या आत होतं. वर बाबांनी बसवलेला फाटकं न्यायचा सांगाडा आणि चुंबकच्या दोन पेट्या धरल्या, तरी साडेतीनच्या आत आरामात यायला हवं होतं. ही तर चार टनांना येऊन टेकली होती.

"मावशी, तुमचा काटा बिघडलाय," मी म्हटलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," मावशी म्हणाल्या. "तो मागे सिमेंटचा टेम्पो उभा आहे ना, त्याचं बघा आता." टेम्पोचं वजन पोत्यांच्या हिशेबात चोख बसलं. मी पुन्हा थोरलीला चढवलं. पुन्हा तेच. उलटी चढवली. तेच. चुंबक म्हणाला, ताई, हळू चढव, जोरात चढवलं की जास्त दाखवत असेल. मी त्याच्याकडे फक्त बघितलं.

बाबा सगळा वेळ काट्याच्या कठड्याला टेकून उभे होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी. एवढं वजन आलं कुठून?"

"लोखंड जुनं झालं की जड होतं," बाबा म्हणाले.

"काय?"

"गंज चढतो ना. गंजाचं वजन."

मी आणि चुंबक एकमेकांकडे बघत राहिलो. जन्मभर लोखंडाशी खेळलेला माणूस, जो पाइप नुसता एका हातात तोलून किती किलोचा ते सांगतो, तो म्हणतोय गंजाने हजार किलो वाढले! मला वाटलं, उन्हात उभं राहून यांना चक्कर आलीय. मी त्यांना पाणी दिलं.

मावशींच्या काट्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून गावाबाहेरच्या दुसऱ्या काट्यावर गेलो. तिथला काटा लहान होता. आधी पुढची चाकं, मग मागची, असं वेगवेगळं वजन करून बेरीज करायची. बेरीज तीन हजार नऊशे साठ. आता हे वीस किलो कुठे गेले? चुंबक म्हणाला डिझेल जळलं. मी म्हटलं, वीस किलो डिझेल जाळायला आपण काय समुद्र ओलांडून आलो? तो म्हणाला, मग घाम. या माणसाशी माझं रक्ताचं नातं आहे हे मला अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं. शेवटी तिथल्या माणसाने सांगितलं की एवढा फरक दोन काट्यांत पडतोच, पण तुमची पुढची बाजू बरोबर कागदाप्रमाणे आहे. जास्तीचं जे काही आहे ते सगळं मागे आहे.

मागे! मागचा हौदा कुणाचा? मी चुंबककडे वळले.

"ताई, देवाशपथ माझ्याकडे काही नाही," तो म्हणाला, आणि चेहरा असा केला की चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला लख्ख दिसलं.

त्याच्या दोन्ही पेट्या उघडल्या. नटबोल्ट तर होतेच. शिवाय अर्धं शिवणयंत्र, दोन बिजागऱ्या ज्या बहुतेक एखाद्या किल्ल्याच्या दाराच्या असाव्यात, एका तराजूची नुसती वजनं, सायकलच्या साखळ्यांचा गुंता, आणि एक लोखंडी बेडूक. बेडूक का, असं विचारलं तर म्हणाला, कुणाचा तरी हरवला असेल, विचारत आला तर? सगळं उतरवून मावशींच्या काट्यावर परत आलो. साठ किलो कमी झाले. साठ! मी तर मनात पाचशे धरून बसले होते.

चुंबक आता फुशारला. "बघ. उगीच माझ्यावर आळ. मागे म्हणजे माझ्या हौद्यातच असं कशावरून? चिखल असेल. खालून चिखल चिकटून चिकटून घट्ट होतो. माझ्या मित्राच्या गाडीखालून पोतंभर निघाला होता."

उंटावरून शेळ्या हाकायला याला फार आवडतं, पण माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. शुक्रवार उजाडला होता. माझं डोकं नुसतं गरगरत होतं. चारशे किलो म्हणजे काय खिशातला रुमाल आहे? एका म्हशीएवढं वजन गाडीवर आहे, आणि तीन माणसं, दोन काटे आणि एक साहेब मिळून ते सापडत नाही. आदल्या रात्री मला स्वप्न पडलं की मी काट्यावर एकटी उभी आहे आणि मावशी म्हणतायत, आत काय भरलंय.

गाड्या धुण्याच्या जागी मी थोरलीला दोन उंच ओट्यांवर चढवलं. पाण्याचा पाइप हातात घेतला तर बाबा मध्ये आले.

"खालून मी धुतो."

"तुमचे गुडघे?"

"खालचं माझं आहे."

"बाबा, कायदा राहू द्या बाजूला. उद्या शनिवार आहे. तुम्ही वाकलात तर गाडी राहील बाजूला, मला तुम्हालाच उचलावं लागेल."

"मी म्हणतो ना, मी धुतो," बाबा ओरडले.

बाबा ओरडत नाहीत. फाटक पायावर पडलं होतं तेव्हाही ओरडले नव्हते. मी पाइप घेऊन तशीच त्यांच्या बाजूने वाकून खाली शिरले. चिखल होता, थोडाफार. पाण्याच्या जोराने तो गेला. आणि मग मागच्या दोन चाकांच्या मधोमध मला ते दिसलं.

लोखंडी पट्ट्या. एकीखाली एक, एकीखाली एक. जेवणाच्या ताटांची चळत उलटी टांगावी तशा हौद्याच्या पोटाला चिकटवलेल्या, प्रत्येकीला काळा रंग, प्रत्येकीच्या कडेला वेल्डिंगचे टाके. ते टाके कुणाचे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाबांचा टाका शेवटाला जरासा डावीकडे वळतो. आमच्या घरच्या दारावर, खाटेवर, माझ्या लहानपणच्या झोपाळ्यावर तोच टाका आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मी बाहेर आले तेव्हा नखशिखांत भिजले होते. "हे काय आहे?"

बाबांनी पाण्याचा नळ बंद केला.

"मी विचारतेय, हे काय आहे? दोन दिवस मी वेड्यासारखी काट्याकाट्यांवर फिरतेय. मावशींशी भांडले. चुंबकचा बेडूकसुद्धा उतरवला. आणि तुम्ही म्हणताय गंज!"

"सांगणार होतो."

"कधी?"

"शनिवारनंतर," बाबा म्हणाले.

शनिवारनंतर म्हणजे माझं स्टिअरिंग गेल्यावर. "म्हणजे तुम्हाला मी गाडी चालवायला नको होते? सरळ सांगायचं ना! साहेबाच्या आडून कशाला?"

"एक मन म्हणत होतं, जाऊ दे तिचं स्टिअरिंग, रोज संध्याकाळी घरात तरी दिसेल," बाबा म्हणाले. "दुसरं मन म्हणत होतं, गाडीवाचून ही सुकून जाईल. दोन दिवस तेच चाललंय माझं. तुला काय वाटलं, तुझंच डोकं फिरलंय?"

"पण लावल्यात कशाला पट्ट्या?" चुंबकने विचारलं. बिचाऱ्याला अजून काही कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

"रिकामी पिकअप मागून हलकी असते. ओल्या रस्त्यावर मागची बाजू सटकते. मागे वजन असलं की धरून राहते." बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांगायचीस. मी लावायचो."

"मी काय सांगायचे?"

"जेवताना."

आता इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरी जेवताना मी बोलते आणि बाकीचे जेवतात. आणि मी सांगते त्यातली निम्मी गोष्ट रस्त्यावर झालेली असते, निम्मी घरी येईपर्यंत होते. टायर नुसता किंचाळला असेल तर मी सांगणार, गाडी पुलावर अख्खी फिरली आणि मी समोरून येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून पुढे गेले. चुंबक हसता हसता ताटावर आडवा व्हायचा. बाबाही हसायचे, असं मला वाटायचं.

"म्हणजे प्रत्येक गोष्टीला एक पट्टी?" मी विचारलं.

"प्रत्येकीला नाही. जिथे मागची बाजू सटकली तिथे."

"अहो, पण त्या गोष्टी होत्या, बाबा!"

"मला काय माहीत कुठली खरी आणि कुठली गोष्ट," बाबा म्हणाले. "मी घरी होतो."

मी पाइप गुंडाळून ठेवला आणि किल्ली घेतली.

दुपारी वर्कशॉपमध्ये बाबा सरकत्या फळीवर आडवे होऊन थोरलीखाली गेले. गुडघ्यांना काही करायचं नव्हतं, हातांचंच काम होतं. बाहेर त्यांचे नुसते बूट दिसत होते. चुंबक घरातला माणसांचं वजन करायचा काटा घेऊन आला होता. निघालेली पट्टी छातीशी धरून तो काट्यावर उभा राहायचा आणि त्यातून स्वतःला वजा करायचा. मी मागच्या चाकाशी स्टूल टाकून बसले होते.

खालून बाबांचा आवाज आला. "ही शेवटची लावलेली. खाणीच्या वळणावर चाक हवेत लोंबत होतं, ती. खरी की खोटी?"

"असं विचारून कापणार आहात का?"

"मग? खरी असेल तर ठेवायला नको? एखादी ठेवून भागत असेल तर ठेवू. सांग."

"खोटी," मी म्हटलं. "वळणाच्या आधीच थांबले होते. डबा खायला."

ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या चाकापर्यंत आल्या, आणि पट्टी धप्पकन खाली पडली. "पस्तीस," चुंबक काट्यावरून म्हणाला.

"पिठाच्या गिरणीपुढे तेल सांडलं होतं, आणि तू आडवी जाऊन भिंतीला पाठ लावून थांबलीस."

"तेल होतं. पण मी बघितलं होतं. बाजूने गेले."

"पस्तीस."

"कुत्रा मध्ये आला."

"कुत्रा नव्हताच."

"कुत्रासुद्धा नव्हता?" चुंबकला फार वाईट वाटलं. "ताई, तू त्याला नावही ठेवलं होतंस."

अशा एकेक निघत गेल्या. मी आपल्या तोंडाने माझी एकेक गोष्ट मारत गेले, आणि बाबा खालून टाके कापत राहिले. मधूनच त्यांच्या हातातलं यंत्र थांबायचं, पट्टी पडायची, मग पुढचा प्रश्न. मला वाटलं होतं ते चिडतील. एवढं लोखंड, एवढी मेहनत, गुडघे दुखत असताना खाली शिरणं, आणि सगळं माझ्या थापांपायी. पण एकदा तर, पुलावरच्या नमस्काराची पट्टी निघाली तेव्हा, खालून ते हसल्यासारखं वाटलं. "हीही नाही? चला, बरं झालं," असं म्हणाले. प्रत्येक खोटीला त्यांचा आवाज जरासा मोकळा होत होता. ते मला फार लागलं.

चुंबकने बेरीज केली. "अजून पंच्याऐंशी किलो कमी व्हायला पाहिजेत. किती राहिल्या?"

"एकच," खालून आवाज आला. "पण मोठी आहे. एकशे दहाची. सगळ्यात आधी लावलेली."

बूट हलले नाहीत.

"हिची गोष्ट कुठली?" मी विचारलं. आठवायचा खूप प्रयत्न केला. इतक्या मोठ्या पट्टीची गोष्ट म्हणजे मी काय जहाज बुडवलं होतं की काय?

"हिची गोष्ट तू सांगितलीच नाहीस," बाबा म्हणाले. "त्या दिवशी तू घरी आलीस, गप्प जेवलीस, आणि झोपलीस. मागच्या टायरला रस्त्याच्या कडेच्या दगडांचा पांढरा रंग घासलेला होता, वरपर्यंत. मी सकाळी उठून एका गिऱ्हाइकाच्या फाटकासाठी आणलेला जाड पत्रा होता तो लावला."

चुंबक पट्टी छातीशी धरून काट्यावर उभा होता, तो खाली उतरायचं विसरला. मला तो दिवस आठवायची गरज नव्हती. तो माझ्यापासून कधी लांब गेलाच नव्हता. खरं तर त्यानंतरच मी जेवताना बोलायला लागले. मी इतकं बोलले की मलाच वाटायला लागलं, सटकणं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट आहे.

"ही मी नाही कापणार," बाबा म्हणाले. "बाकीच्या काढल्या. ही राहू दे."

"ही राहिली तर साडेतीनच्या वर जाते, बाबा," चुंबक हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला. हिशेब मलाही येतो."

मी उठले. "बाबा, बाहेर या."

ते आले. तोंडावर काळं, पापण्यांवर लोखंडाची धूळ. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी त्यांच्या डोळ्यांवरचा कामाचा चष्मा काढून स्वतःला लावला, ग्राइंडर घेतला आणि फळीवर आडवी झाले. कायदा मोडायचाच तर नीट मोडावा. बाबांनी दिवा धरला. हात लांब करून, कुठे प्रकाश हवा ते मी न सांगता, एकेका टाक्यावर. टाके पक्के होते. बाबांनी ती पट्टी कधीच निघू नये अशी लावली होती. शेवटचा टाका सुटायच्या आधी ते म्हणाले, "बाजूला हो, पाय काढ," आणि मी पाय काढले. पट्टी पडली तेव्हा फरशी हादरली.

शनिवारी सकाळी मावशींच्या काट्यावर आकडा आला तीन हजार चारशे पंच्याहत्तर. मावशींनी चष्मा वर करून दोनदा बघितला. "दोन दिवसांत एवढी बारीक? मलाही सांगा काय दिलंत ते." मी हसले, पावती घेतली. नाक्यावर साहेबाने ती उलटीसुलटी बघितली, पाट्यांकडे संशयाने बघितलं, शिक्का मारला आणि जा म्हणाला. स्टिअरिंग माझं राहिलं.

शिक्का घेऊन गाडीकडे आले, तर केबिनमध्ये बाबा नव्हते. ते मागे हौद्यात चढले होते आणि बरोबर मागच्या चाकांच्या वर, पाय लांब करून, पाठ केबिनला लावून बसले होते.

"बाबा, हे काय? पुढे या."

"नको. मागून हलकी झालीय ती."

"तुमच्या पन्नास-साठ किलोंनी काय होणार आहे?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "तू चालव."

चुंबक केबिनमध्ये बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, खाली उतरला, मागे गेला आणि बाबांच्या शेजारी बसला. केबिनमध्ये मी एकटी राहिले.

मी गाडी काढली. दुसऱ्या गिअरच्या वर काही गेले नाही. मागून लोक हॉर्न देत होते, एकाने तर शेजारून जाताना हात नाचवून मला काहीबाही ऐकवलं. एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी मी फक्त पुढे बघत होते. आरशात बाबांची पांढरी टाळू दिसत होती. मग मी पाठीमागची छोटी काच सरकवली.

"बाबा, त्या दिवशी शाळेच्या उतारावर गाडी फिरली होती. मागची बाजू पार पुढे आली. शाळा सुटली होती. मुलं फाटकात उभी होती. एवढंसं अंतर राहिलं होतं."

मला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

"मुलांना काही झालं नाही ना?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"आणि तुला?"

मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. चांगली हमसून हमसून रडले. काचेच्या फटीतून बाबांचा हात आत आला आणि माझ्या मानेवर थांबला. उतरून पुढे मात्र ते आले नाहीत. उतारावर उभी होती गाडी, मागे वजन हवं म्हणून असेल.